वाचक विचारतात: घरचं बीपी, साखरेची वही आणि अडलेला संगणक

दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांची पत्रं या वेळी जास्त आहेत. त्यामुळे प्रश्न तब्येतीचेही आहेत आणि यंत्राचेही. औषध सुरू करणं, बंद करणं किंवा डोस बदलणं यातलं काहीही इथलं उत्तर वाचून करू नका. ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं.

प्रश्न: मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, वय ४१. घरी डिजिटल बीपी मशीन आणलं. सकाळी १४८ आलं, पाच मिनिटांनी १३६, संध्याकाळी १२९. मशीन बिघडलंय का? त्या दिवसापासून रोज लसूण खातोय, तर चार दिवसांत आकडा उतरला. लसणाचा गुण आला म्हणायचा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: मशीन बहुधा ठीक आहे. रक्तदाब मिनिटामिनिटाला बदलतो आणि पहिला आकडा बऱ्याचदा चढाच येतो. म्हणून एकट्या आकड्यावर काहीच ठरवायचं नसतं.

आधी कफ बघा. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर टेपने मोजा आणि तो कफवर छापलेल्या मर्यादेत बसतो का ते पाहा. बऱ्याच मशीनसोबत २२ ते ३२ सेंटिमीटरचा कफ येतो. दंड ३५ सेंटिमीटरचा असेल तर तो कफ तुमच्यासाठी लहान आहे, आणि लहान कफ आकडा वाढवून दाखवतो. शर्टाची बाही वर सरकवून दंडावर घट्ट गोळा करू नका. बाही काढा आणि कफ उघड्या त्वचेवर बांधा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे फोनही नको, आणि मोजताना बोलणंही नको. हात टेबलावर असा ठेवा की कफ हृदयाच्या पातळीला येईल. हात दहा सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सात-आठने वाढतो. मांडीवर हात ठेवून मोजणाऱ्यांचं बीपी कागदावर कायम जास्त दिसतं, ते यामुळेच. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजा आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढे कायम ठेवा. दोन हातांत दरवेळी १० पेक्षा जास्त फरक येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

आता आठवडाभराची मोजणी. सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा दोनदा. सात दिवसांत २८ नोंदी होतात. पहिल्या दिवसाच्या चार सोडून द्या, कारण नवेपणाची धास्ती त्यांत असते. उरलेल्या २४ ची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर तो उच्च रक्तदाब मानतात. दवाखान्यातली १४०/९० ची रेषा घरच्या आकड्यांना लावू नका. न आवडलेली नोंद खोडायचीही नाही. वही घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा मशीनही सोबत न्या आणि त्याच खुर्चीत, त्याच हातावर त्यांच्या मशीनशी ताडून पाहा. आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं यातलं काही असलं, तर पुन्हा मोजत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

लसणाचं म्हणाल, तर माणूस उपाय केव्हा सुरू करतो? आकडा चढलेला दिसतो तेव्हा. वरखाली होणारी कुठलीही गोष्ट फार चढली की पुढच्या खेपेला बहुधा आपोआप खाली येते, उपाय केला तरी आणि नाही केला तरी. त्यामुळे चढलेल्या दिवशी सुरू केलेला कोणताही काढा गुणकारीच वाटतो. लसूण पारखायचा असेल तर आधी आठवडाभर काहीही न बदलता वरच्या पद्धतीने मोजा. त्या सात दिवसांत तुमचे आकडे स्वतःहून किती वरखाली होतात ते कळेल. नंतर दिसणारा फरक त्याहून मोठा असेल तरच त्याकडे लक्ष द्यायचं. प्रोग्रॅममधला दोष शोधताना एका वेळी एकच ओळ बदलतात, तशीच एका वेळी एकच सवय बदला. लसूण, चालणं आणि मीठ कमी करणं एकाच सोमवारी सुरू केलंत, तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

प्रश्न: मला मधुमेह आहे, फक्त मेटफॉर्मिन चालू आहे. भाताऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली तर माझी साखर खरंच कमी वाढते का, हे घरच्या ग्लुकोमीटरवर तपासायचंय. एकदा भातानंतर १६८ आली, एकदा भाकरीनंतर १५५. झालं ना सिद्ध? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: नाही झालं. पण प्रश्न उत्तम आहे आणि घरच्या घरी तपासता येण्यासारखाही आहे.

ग्लुकोमीटर किती चुकू शकतो ते आधी समजून घ्या. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या मानकानुसार १०० किंवा त्यावरच्या वाचनांपैकी ९५ टक्के वाचनं प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के आतबाहेर असली की मीटर पास. म्हणजे खरी साखर १६० असताना मीटरने १३६ दाखवलं किंवा १८४ दाखवलं, तरी तो नियमात बसतो. तुमचा १३ चा फरक त्यात कुठेही बुडून जातो.

म्हणून बारा चिठ्ठ्या करा. सहांवर ‘भात’, सहांवर ‘भाकरी’. डब्यात घालून रोज दुपारी एक काढा आणि ती परत आत टाकू नका. चिठ्ठी का, तर आज काय खावं हे आपण ठरवायला लागलो की मन नकळत चलाखी करतं. सकाळची साखर चांगली आली की भात, चढी आली की भाकरी. मग फरक धान्याचा की सकाळचा, ते उमगत नाही.

प्रमाण वजनकाट्यावर ठरवा: कच्चा तांदूळ ५० ग्रॅम किंवा ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम. दोन्हींत कर्बोदकं जवळपास सारखी असतात. ‘एक वाटी भात आणि एक भाकरी’ ही तुलना चालत नाही, कारण वाटीत शिजलेला भात किती दाबून भरला यावरच सगळं फिरतं. वरण, भाजी आणि तेल बाराही दिवस तेच आणि तेवढंच ठेवा. गोळीची वेळ तीच. जेवणानंतर शतपावली करत असाल तर रोज करा, नाहीतर एकही दिवस नको. जेवणानंतरचं पंधरा मिनिटांचं चालणं स्वतःच साखर उतरवतं आणि धान्यातला फरक झाकून टाकतं.

जेवणाआधी एकदा मोजा. नंतर पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी. ताट उचलल्यापासून नव्हे. पट्ट्या परवडत असतील तर एक तासानेही मोजा, कारण दोन पदार्थ दोन तासांना सारखे दिसले तरी मधला चढ वेगळा असू शकतो. वहीत नुसता नंतरचा आकडा नको, नंतरचा वजा आधीचा म्हणजे ‘वाढ’ लिहा. सहा दिवसांची सरासरी घेतली की योगायोगाची वरखाल साधारण अडीचपट आटोक्यात येते. मीटर मुळातच थोडा चढा दाखवत असला तर तो भातालाही चढा आणि भाकरीलाही चढा, त्यामुळे तुलनेला बाध येत नाही. म्हणूनच मध्येच मीटर बदलू नका आणि बाराही दिवसांना पुरेल अशी एकाच बॅचची बाटली घ्या.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावरचा रस थेंबात मिसळला तर आकडा भलताच चढतो, आणि बोट ओलं असलं तर रक्त पातळ होऊन उतरतो. बोटाच्या टोकावर न टोचता बाजूला टोचा, दुखतंही कमी. थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नका. टोचण्याआधी हात खाली सोडून थोडा हलवा. आणि तुम्ही चिपळूणचे म्हणून हे मुद्दाम: पट्टीला दमट हवा सोसत नाही. पावसाळ्यात बाटली उघडी टेबलावर ठेवून जेवायला बसलात तर आतल्या सगळ्याच पट्ट्या बिघडू शकतात. एक काढली की लगेच झाकण लावा. बाटली फ्रिजमध्ये किंवा न्हाणीघरात नको.

बारा दिवसांनी दोन सरासऱ्यांत पाच-सहाचा फरक आला तर ‘फरक नाही’ असंच समजा आणि जे आवडतं ते, पण बेतानं खा. पंचवीस-तीसचा आला आणि बहुतेक दिवशी त्याच दिशेने आला, तर तुमच्या शरीरापुरतं उत्तर मिळालं. शेजाऱ्यांना ते लागू पडेल असं मात्र नाही.

प्रश्न: साखर आणि वजन दोन्हींसाठी उद्यापासून कीटो (कर्बोदकं जवळपास बंद करणारा आहार) सुरू करतोय, आठवड्यात दोन दिवस पूर्ण उपास. औषधं ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन. वहीत काय काय लिहावं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: उद्या सुरू करू नका. आधी डॉक्टरांना भेटा.

ग्लिमेपिराइड तुम्ही जेवलात की नाही हे न बघता इन्सुलिन बाहेर काढत राहतं. उपासात त्याने साखर ७० च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं. असं झालं तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यातून घ्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. डापाग्लिफ्लोझिनचा धोका त्याहून फसवा आहे. ते लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. त्यात कर्बोदकं तोडली किंवा उपास केला की शरीरात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्ल पदार्थ) साचून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, आणि त्या वेळी ग्लुकोमीटर १६० किंवा १८० असा सोसवेल असा आकडा दाखवत असतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं ही लक्षणं दिसली तर ‘साखर तर ठीक आहे’ म्हणून घरी थांबू नका. रुग्णालयात या गोळीचं नाव आपणहून सांगा. ही दोन्ही औषधं घेणाऱ्यांनी उपासाचा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नये. एकादशीलाही हेच लागू आहे. तिथे दुपारी साबुदाण्याच्या खिचडीने साखर उलट चढते, तो वेगळाच त्रास.

प्रश्न: ॲपमधून नोंदींची सीएसव्ही फाइल काढली. एक्सेलमध्ये उघडली तर मराठी शेऱ्यांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात आणि तारखाही उलटसुलट होतात. (एक वाचक, नागपूर)

उत्तर: फाइलवर डबल-क्लिक करू नका, दोन्ही तक्रारी तिथूनच सुरू होतात. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत लिहिलेली असते, पण सुरुवातीला तशी खूण नसली की एक्सेल ती जुन्या पाश्चात्त्य लिपीची समजून वाचतं. कोरं एक्सेल उघडा, ‘डेटा’ टॅबवर ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि फाइल निवडा. समोर येणाऱ्या खिडकीत ‘फाइल ओरिजिन’मध्ये ‘६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडलंत की मराठी तिथल्या तिथे नीट दिसेल.

लगेच ‘लोड’ दाबू नका, ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ दाबा. तारखेच्या स्तंभाच्या मथळ्यावर उजवं क्लिक, मग ‘चेंज टाइप’, ‘युझिंग लोकेल’, प्रकार ‘डेट’, लोकेल ‘इंग्लिश (इंडिया)’. आधीची पायरी बदलायची का असं विचारलं तर ‘रिप्लेस करंट’ म्हणा. ‘ॲड न्यू स्टेप’ घेतलंत तर आधीच चुकीची वाचलेली तारीख तशीच पुढे जाते.

यातली खरी पंचाईत अशी की सगळ्या तारखा चुकत नाहीत. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर ०५/०३ ही ५ मार्च न राहता ३ मे होते, कुठलीही तक्रार न करता. २५/०३ मात्र महिना पंचविसावा नसल्यामुळे नुसता मजकूर म्हणून पडून राहते. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच स्तंभात काही डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या तर उजवीकडच्यांवरही विश्वास ठेवू नका, फाइल नव्याने आणा. स्वतःच्या वहीसाठी वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवलात तर हा घोळच होत नाही. मोजणीचे आकडे इंग्रजी अंकांत भरा. देवनागरी अंकांवर सरासरीचं सूत्र अडू शकतं.

प्रश्न: उजव्या हाताला मुंग्या येतात, रात्री जाग येते. दिवसभर कोडिंग. एर्गोनॉमिक कीबोर्ड घेऊ का? (एक वाचक, बंगळूरु)

उत्तर: पैसे घालण्याआधी कोणत्या बोटांना मुंग्या येतात ते नीट बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असावी. त्याला कार्पल टनेल म्हणतात. करंगळी आणि अनामिकेची दुसरी अर्धी बाजू असेल तर नस बहुधा कोपराशी दाबली जातेय. कोपर टेबलाच्या कडेवर रोवून बसणारे आणि फोन कानाशी धरून तासभर बोलणारे यात सापडतात. कीबोर्ड बदलून त्यांचं काहीच भागत नाही. कोपराखालची कड काढा.

मनगटाचं असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा आणि काही आठवडे नेमाने चालू ठेवा. झोपेत मनगट दुमडतं म्हणूनच रात्रीचा त्रास जास्त असतो. टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) आणि साखरही तपासून घ्या, थायरॉइड मंदावणं आणि मधुमेह या दोन्हींत हा त्रास जास्त आढळतो. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल भाग सपाट होत चालला असेल किंवा हातातून कप निसटत असेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. ते नसेच्या वहनाची चाचणी सांगतील.

बसण्याचं म्हणाल तर जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं आणि बुटक्या माणसाला टायपिंगसाठी ते जास्तच होतं. खांदे वर उचलले जातात, मनगट मागे मोडतं. खुर्ची इतकी वर घ्या की कोपर काटकोनात येऊन हात कीबोर्डवर सरळ पडेल. पाय अधांतरी राहिले तर खाली जेवायचा पाट ठेवा. लॅपटॉप स्टँडवर किंवा जाड पुस्तकांवर असा ठेवा की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली येईल. कीबोर्ड आणि माउस मग वेगळे लागतीलच, पण साधे, स्वस्त चालतात.

करंगळी ताणून कंट्रोल दाबत असाल तर मायक्रोसॉफ्टचं मोफत पॉवरटॉईज घ्या. त्यातल्या ‘कीबोर्ड मॅनेजर’मध्ये ‘रीमॅप अ की’ने कॅप्स लॉकचं कंट्रोल करून टाका. पॉवरटॉईज मागे चालू असेल तोवरच हा बदल टिकतो, म्हणून संगणक सुरू होताना ते आपोआप सुरू होईल असं करा.

प्रश्न: नेहमी ठीक असणारा टीएसएच अचानक खूप कमी आला. त्रास काहीच नाही. केसांसाठी बायोटिन सुरू आहे, त्याचा संबंध असेल? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: दाट शक्यता आहे. केसांच्या गोळ्यांत बायोटिन बऱ्याचदा १० मिलिग्रॅम असतं आणि थायरॉइडच्या अनेक चाचण्यांची रासायनिक पद्धत बायोटिनवरच उभी आहे. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटाच कमी आणि टी३, टी४ खोटेच जास्त दिसतात. म्हणजे कागदावर थायरॉइड भडकलेलं आणि माणूस ठणठणीत. डॉक्टरांना गोळी दाखवा, त्यांच्या सल्ल्याने ती निदान दोन दिवस थांबवून पुन्हा तपासा. तोवर थायरॉइडच्या औषधाला हात लावू नका. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीतही बायोटिन घोळ घालतं, म्हणून रुग्णालयात दाखल होताना हे जरूर सांगा.

प्रश्न: जुना लॅपटॉप, विंडोज १०, हार्ड डिस्कचा. सुरू व्हायला दहा मिनिटं. सगळे रिपोर्ट त्यातच आहेत. नवा घ्यावा का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर: आधी आजच रिपोर्टची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि एक प्रत घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावंडाच्या घरी ठेवा. नुसती काढू नका, त्यातली दोन-तीन पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. काही न करताही ‘डिस्क’ १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली तर दोष हार्ड डिस्कचा आहे, आणि तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यावर तोच लॅपटॉप चपळ होतो. दुकानात देण्यापूर्वी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून ठेवा, नाहीतर आपलीच डिस्क आपल्याला उघडत नाही.

पण खर्च करण्याआधी ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ उघडून टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे का बघा. विंडोज ११ ला ते लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर बहुधा आठव्या पिढीचा किंवा पुढचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून मिळणारी सुरक्षेची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नसेल तर एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाका, रिपोर्ट वाचायला आणि वही ठेवायला ते पुरेसं आहे.

प्रश्न: इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘दुसऱ्या’ लिहायला गेलो की ‘दुसर्या’ असा रफार होऊन बसतो. आमच्या गावाचं नावही धड उमटत नाही. (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर: साधा र आणि हलन्त दिला की पुढच्या अक्षरावर रफार चढतो, ‘सूर्या’सारखा. तुम्हाला हवा आहे नुक्त्याचा ऱ: शिफ्ट धरून जे. त्यानंतर हलन्तासाठी डी, य साठी स्लॅश, काना देण्यासाठी ई. गावाच्या नावासाठी के, मग शिफ्ट-जे, डी, ह साठी यू, काना, आणि शेवटी ड साठी डावा चौकटी कंस.